होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (३० ऑक्टोबर १९०९, मुंबई – २४ जानेवारी १९६६, माँ ब्लाँ, आल्प्स पर्वत) हे भारतीय सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ होते. विश्वकिरणांतील वेगवान कण शिसे, पाणी किंवा हवा यांसारख्या पदार्थांतून जाताना एकापासून असंख्य कण कसे निर्माण होतात, याचा गणिती सिद्धांत त्यांनी वॉल्टर हाइट्लर यांच्यासमवेत मांडला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ते संस्थापक आणि भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष होत. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र पालघर तालुक्यातील तारापूर येथे उभारण्याचा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीत झाला. मात्र ते केंद्र सुरू झालेले पाहण्यास ते हयात नव्हते.

बालपण आणि शिक्षण

भाभा यांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित व संपन्न पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होरमसजी भाभा हे वकील होते. आजोबा होरमसजी यांनी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी म्हणून काम केले होते. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी असल्याने टाटा घराण्याशी त्यांचे जवळचे नाते होते. पुढे संस्था उभारताना हे नाते उपयोगी पडले.

कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिक्षण घेतल्यावर १९२७ मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने यंत्र अभियांत्रिकी शिकून जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची अपेक्षा होती. केंब्रिजमध्ये मात्र पॉल डिरॅक यांच्यासारखे शास्त्रज्ञ पुंजयामिकीची मांडणी करीत होते आणि भाभांचा ओढा तिकडेच होता. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास गणिताच्या अभ्यासाचा खर्च देऊ, अशी तडजोड वडिलांनी मान्य केली. भाभांनी १९३० मध्ये अभियांत्रिकीची आणि १९३२ मध्ये गणिताची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. त्यानंतर शिष्यवृत्तीवर त्यांनी झुरिकमध्ये वोल्फगांग पाउली आणि रोममध्ये एनरिको फेर्मी यांच्याकडे काही काळ काम केले. १९३५ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली.

कणवर्षावाचा सिद्धांत

१९३०च्या दशकात विश्वकिरण हे भौतिकशास्त्रातील मोठे कोडे होते. अवकाशातून येणारे हे अतिऊर्जावान कण शिशाच्या पत्र्यावर आदळले की पलीकडून एकाच वेळी अनेक कण बाहेर पडताना दिसत. ते एकाच आघातातून निर्माण होतात की टप्प्याटप्प्याने, हे कळत नव्हते. त्यापेक्षाही गंभीर शंका अशी होती की इतक्या प्रचंड ऊर्जेला पुंजयामिकीचे नियम लागूच पडत नसावेत. शिशाचे जाड थर भेदून जाणारे कण हे त्या शंकेचे मुख्य कारण होते, कारण सिद्धांताप्रमाणे इलेक्ट्रॉनने शिशात थोड्याच अंतरावर आपली ऊर्जा गमवायला हवी होती.

१९३६ मध्ये भाभांनी इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे गणित प्रसिद्ध केले. ही प्रक्रिया आज भाभा प्रकीर्णन या नावाने ओळखली जाते. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींवर चालणाऱ्या कणत्वरकांमध्ये टकरींचे प्रमाण मोजण्यासाठी तिचा उपयोग केला जातो. पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, भाभा आणि हाइट्लर यांनी कणवर्षावाचा सिद्धांत रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच सुमारास अमेरिकेत जे. एफ. कार्लसन व रॉबर्ट ओपेनहायमर यांनीही स्वतंत्रपणे तोच विचार मांडला.

सिद्धांताचा गाभा सोपा आहे. वेगवान इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळून जाताना मंदावतो आणि गॅमा किरणाचा फोटॉन बाहेर टाकतो. तो फोटॉन पुढे दुसऱ्या अणुकेंद्राजवळ नाहीसा होऊन त्याच्या ऊर्जेतून एक इलेक्ट्रॉन व एक पॉझिट्रॉन जन्माला येतात. हे दोघे पुन्हा फोटॉन टाकतात, त्या फोटॉनांतून पुन्हा जोड्या निर्माण होतात. ढोबळमानाने पाहता ठरावीक अंतरागणिक कणांची संख्या दुप्पट होत जाते. शिशात हे अंतर साधारण अर्धा सेंटिमीटर, पाण्यात ३६ सेंटिमीटर, तर समुत्सपाटीच्या हवेत सुमारे ३०० मीटर असते. पदार्थ जितका घन आणि त्याचे अणुकेंद्र जितके जड, तितका वर्षाव लवकर उभा राहतो. शिशात असे दहा टप्पे साडेपाच-सहा सेंटिमीटरांतच पार पडतात आणि एका कणाचे हजारभर कण होतात.

ही वाढ अमर्याद नसते, कारण मूळ ऊर्जा तेवढीच असून ती वाढत्या संख्येत वाटली जाते. प्रत्येक कणाच्या वाट्याची ऊर्जा एका मर्यादेखाली गेली, शिशाच्या बाबतीत सात-आठ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली, की कण नवे फोटॉन निर्माण करण्याऐवजी आजूबाजूच्या अणूंचे आयनीभवन करण्यातच ऊर्जा खर्च करतात आणि वर्षाव ओसरतो. आठ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक इलेक्ट्रॉन शिशात सुमारे हजार कणांपर्यंत पोहोचून थांबेल, हे या हिशोबावरून लगेच काढता येते.

निरीक्षणांशी हा हिशोब जुळला आणि पुंजयामिकीवरची शंका दूर झाली. पण मग जाड शिसे भेदून जाणारे कण कोणते, हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. ते इलेक्ट्रॉन असते तर त्यांचा वर्षाव होऊन ते संपले असते. म्हणून ते इलेक्ट्रॉनपेक्षा जड असले पाहिजेत, असा निष्कर्ष निघाला. अशा मध्यम वस्तुमानाच्या कणांचा प्रायोगिक पुरावा कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना त्याच काळात मिळाला. हे कण अस्थिर असतील आणि वेगामुळे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतानुसार त्यांचे आयुष्य लांबलेले दिसेल, असे भाभांनी १९३८ मध्ये दाखवून दिले. काही वर्षांत प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. या कणांसाठी सुचवलेले मेसोट्रॉन हे नाव ग्रीक व्युत्पत्तीला धरून नाही, असा आक्षेप घेऊन १९३९ मध्ये त्यांनी मेसॉन हे नाव सुचवले आणि तेच रूढ झाले.

बंगळूरमधील वर्षे

१९३९ मध्ये सुटीसाठी भारतात आलेले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि भाभांचा परतीचा मार्ग बंद झाला. १९४० मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रपाठक म्हणून रुजू झाले. चंद्रशेखर व्यंकट रामन तेथे भौतिकशास्त्राचे प्रमुख होते. सर दोराबजी टाटा न्यासाच्या मदतीने भाभांनी विश्वकिरण संशोधनाचा विभाग सुरू केला. १९४१ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९४२ मध्ये त्यांना केंब्रिज विद्यापीठाचे अ‍ॅडम्स पारितोषिक मिळाले. पुढे जगप्रसिद्ध गणिती झालेले हरिश्चंद्र याच काळात त्यांच्याबरोबर काम करीत होते.

मूळ सिद्धांतातील एक उणीव भाभांना अस्वस्थ करीत होती. कणांची सरासरी संख्या काढता येत होती, परंतु प्रत्यक्षात दोन वर्षाव कधीच सारखे नसतात. शिवाय वर्षावातील कण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. एकाच पूर्वजापासून जन्मलेले असल्याने एका कणाला जास्त ऊर्जा मिळाली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येते. म्हणजे हा अनेक कणांच्या परस्परसंबंधाचा प्रश्न होता आणि केवळ सरासरीने तो सुटणारा नव्हता. एस. के. चक्रवर्ती यांच्यासमवेत त्यांनी आयनीभवनाने होणारा ऊर्जाऱ्हास धरून सुधारित मांडणी केली. १९५० मध्ये त्यांनी संभाव्यताशास्त्राच्या आधारे अधिक व्यापक सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यांचे तरुण सहकारी अल्लाडी रामकृष्णन यांनी त्याच वर्षी हाच प्रश्न वेगळ्या पद्धतीने हाताळला. एका ऊर्जापट्ट्यात एक आणि दुसऱ्या ऊर्जापट्ट्यात दुसरा कण एकाच वेळी सापडण्याची संभाव्यता किती, या राशीभोवती त्यांची मांडणी उभी आहे. जिथे एकापासून अनेक घटक यदृच्छेने निर्माण होतात अशा इतर प्रश्नांनाही ही पद्धत लागू पडते. भाभांच्या शास्त्रीय कामाचा हा भाग सामान्य चरित्रांतून बहुधा वगळला जातो, कारण १९५० मध्ये त्यांची ओळख शास्त्रज्ञापेक्षा प्रशासक म्हणून अधिक झाली होती.

संस्थांची उभारणी

१२ मार्च १९४४ रोजी भाभांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था काढण्याचा प्रस्ताव मांडला. अणुबाँबची जगाला अद्याप कल्पनाही नव्हती. तरीही, एक-दोन दशकांत अणुशक्तीपासून वीज मिळू लागेल आणि तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशांकडे पाहावे लागू नये, असा युक्तिवाद त्या पत्रात होता. जून १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूरमध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षअखेर मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. तेथून ती गेटवे ऑफ इंडियाजवळील जुन्या यॉट क्लबच्या वास्तूत आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाला समुद्रकिनारी स्वतःच्या इमारतीत गेली.

१९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी भाभांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण होऊन भाभा त्याचे सचिव झाले. हा विभाग थेट पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या अखत्यारीत होता. १९५५ मध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय वापरावर भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. तुर्भे येथील केंद्रात ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही संशोधन अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिची बांधणी भारतीयांनी केली होती, इंधन ब्रिटनने दिले होते. कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली ४० मेगावॉटची सायरस अणुभट्टी १९६० मध्ये सुरू झाली. अभियंते आणि शास्त्रज्ञ तयार करण्यासाठी १९५७ मध्ये तुर्भे येथे प्रशिक्षण शाळा काढण्यात आली.

या साऱ्या व्यवस्थेला विरोधकही होते. मेघनाद साहा यांनी आयोगाच्या कामकाजातील गुप्ततेवर आणि संशोधनाचे बळ विद्यापीठांऐवजी एकाच ठिकाणी एकवटण्यावर संसदेत टीका केली. घरातून झालेली टीका दामोदर धर्मानंद कोसंबी यांची होती. मूळचे गोव्याचे हे गणिती व इतिहासकार १९४०च्या दशकापासून टाटा संस्थेत प्राध्यापक होते आणि पुण्याहून रेल्वेने मुंबईला ये-जा करीत. भारतासारख्या उन्हाच्या देशाने महागड्या अणुशक्तीऐवजी सौरऊर्जेचा मार्ग धरावा, असे ते उघडपणे सांगत. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी असलेला करार संपला तो पुढे वाढवण्यात आला नाही.

त्रिस्तरीय योजना आणि तारापूर

१९५४ मध्ये दिल्लीतील परिषदेत भाभांनी अणुऊर्जेची त्रिस्तरीय योजना मांडली. भारतात युरेनियम थोडे, पण केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम विपुल, हे तिचे मूळ. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम आणि जड पाणी वापरून वीज व प्लुटोनियम मिळवायचे, दुसऱ्यात त्या प्लुटोनियमवर द्रुत प्रजनक अणुभट्ट्या चालवायच्या आणि तिसऱ्यात थोरियमपासून तयार होणारे युरेनियम-२३३ वापरायचे.

तारापूरचे केंद्र या आराखड्यात बसत नव्हते. १९६० मध्ये जागतिक निविदा मागवण्यात आल्या आणि अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची उकळत्या पाण्याची अणुभट्टी निवडली गेली. तिला समृद्ध युरेनियम लागते. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-२३५ केवळ ०.७ टक्के असते. या अणुभट्टीत ते दोन ते तीन टक्क्यांपर्यंत वाढवावे लागते, आणि ही प्रक्रिया त्या काळी भारताच्या आवाक्याबाहेर होती. आपल्या देशाने परक्यांवर विसंबू नये म्हणून १९४४ मध्ये संस्था मागणाऱ्या भाभांनी आयते केंद्र आणि परदेशी इंधन स्वीकारले, हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत वादग्रस्त निर्णय म्हणता येईल.

त्यामागे कारणे होती. अणुवीज किफायतशीर ठरू शकते हे योजनाकारांना लवकर पटवून देणे भाभांना आवश्यक वाटत होते. कोळशाच्या खाणी पूर्व व मध्य भारतात असल्याने मुंबई-अहमदाबाद पट्ट्यापर्यंतची वाहतूक महाग पडे. मुंबईच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरवर, बोईसर रेल्वे स्थानकापासून जवळ असलेला तारापूरचा किनारा महाराष्ट्र आणि गुजरात या १९६० मध्ये निर्माण झालेल्या दोन्ही राज्यांना वीज देण्यास सोयीचा होता. वाफ थंड करण्यासाठी लागणारे पाणी अरबी समुद्रातून मिळणार होते. दर आकर्षक होता, आणि अमेरिकेने अल्प व्याजाने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. ऑगस्ट १९६३ मध्ये दोन्ही देशांत करार झाला. त्यानुसार अमेरिकेने तीस वर्षे इंधन पुरवायचे आणि केंद्रावर आंतरराष्ट्रीय तपासणी राहायची, असे ठरले. त्याच वर्षी कॅनडाशी करार करून राजस्थानात जड पाण्याच्या अणुभट्टीचा मार्गही भाभांनी मोकळा केला. मूळ योजना त्यांनी सोडली नव्हती.

अणुभट्टीतील प्रक्रिया आणि भाभांच्या तरुणपणीचा विषय यांत काही साम्य आहे, जरी कण वेगळे असले तरी. येथे युरेनियमच्या एका विखंडनातून सरासरी दोन-अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि ते पुढची विखंडने घडवतात. कणवर्षाव ऊर्जा वाटली गेल्याने आपोआप विझतो. साखळी प्रक्रियेत मात्र प्रत्येक विखंडनामागे नेमका एकच न्यूट्रॉन पुढे कामी येईल असा तोल नियंत्रक कांड्यांनी राखावा लागतो. न्यूट्रॉनांपैकी एक टक्क्याहूनही कमी न्यूट्रॉन काही सेकंद उशिरा बाहेर येतात. ही छोटीशी दिरंगाई नसती तर अणुभट्टी यंत्रांनी आवरणे जवळपास अशक्य झाले असते.

व्यक्तिमत्त्व आणि मृत्यू

भाभा अविवाहित होते. चित्रकला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि बागकाम यांत त्यांना मनापासून रस होता. टाटा संस्थेसाठी त्यांनी आधुनिक भारतीय चित्रांचा मोठा संग्रह जमवला. मकबूल फिदा हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र त्यातलेच. बांधकामाच्या आड येणारे झाड तोडण्यापेक्षा ते मुळांसकट दुसरीकडे हलवण्याचा त्यांचा आग्रह असे. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीस जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे बोइंग ७०७ विमान माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभांचे वय तेव्हा ५६ होते. अणुऊर्जा आयोगाची धुरा विक्रम साराभाई यांच्याकडे गेली आणि १९६७ मध्ये तुर्भे येथील केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

तारापूर, भाभांनंतर

तारापूरच्या दोन्ही अणुभट्ट्या २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाल्या. प्रत्येकी २१० मेगावॉटची क्षमता पुढे १६० मेगावॉटवर आणावी लागली. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर इंधनाचा प्रश्न उभा राहिला. १९७८ मध्ये अमेरिकेने केलेल्या अण्वस्त्रप्रसारविरोधी कायद्यामुळे पुरवठा अडला आणि १९८२ पासून फ्रान्सने तो दिला. पुढे तारापूर येथेच तयार केलेले युरेनियम-प्लुटोनियम मिश्र इंधनही काही प्रमाणात वापरण्यात आले. वापरलेले इंधन दीर्घकाळ केंद्रातच साठून राहिले, कारण अमेरिका ते परत नेत नव्हती आणि त्याच्या पुनर्प्रक्रियेस संमतीही देत नव्हती.

मूळ योजनेतील पहिल्या टप्प्याची अणुभट्टी तारापूरला आली ती भाभांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी. नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालणारी, भारतीय अभियंत्यांनी आराखडा केलेली ५४० मेगावॉटची चौथी अणुभट्टी २००५ मध्ये आणि तिसरी २००६ मध्ये सुरू झाली. या विस्तारासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या किनाऱ्यावरील दोन गावांना जागा सोडावी लागली. मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांचे समुद्रापासून दूर झालेले पुनर्वसन आणि नोकऱ्यांची मागणी यांवरून ग्रामस्थांनी न्यायालयापर्यंत लढा दिला. तोवर तारापूर ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे.